पाण्याची गोळी आणि अर्धी पट्टी

तळोद्यात माझं औषधांचं दुकान आहे. चांदसैली घाट उतरून धडगावकडची माणसं इथे येतात आणि तापीकाठचे ऊसवाले, केळीवालेही इथेच येतात. काउंटरमागे उभा राहून हृदयविकार मी वर्षानुवर्षं पाहत होतो. मग वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं आणि तोच आजार घरात, खाटेवर, भर रात्री पाहावा लागला. पुढचं सगळं या दोन जागांवरून गोळा झालेलं आहे. मी डॉक्टर नाही. डोस वाढवणं-घटवणं त्यांचं काम. पण डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यानंतरचे दिवस डॉक्टर पाहत नाहीत, ते आम्ही पाहतो. आणि हा आजार बराचसा त्याच दिवसांत सावरतो किंवा बिघडतो.

१. अटॅक वेगळा, हा आजार वेगळा.

अटॅक एका दिवशी येतो, सगळा गाव धावतो. आप्पांना तो आधी येऊन गेला होता. सुरतेला स्टेंट बसवला, परत आले, केळीच्या बागेत हिंडायला लागले. आम्ही समजलो, संपलं. पण अटॅकमध्ये मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. उरलेला स्नायू जास्तीचं काम ओढत राहतो, ताणतो, फुगतो, आणि काही वर्षांनी थकतो. हाच तो आजार, हार्ट फेल्युअर. शहाद्याच्या डॉक्टरांनी आप्पांना त्यांच्याच भाषेत सांगितलं : विहिरीवरची मोटर चालू आहे, पण होल्टेज कमी आहे, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही आणि मागे तुंबतं. तुंबलेलं पाणी फुप्फुसात साचलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज दिसते.

टू-डी इकोच्या कागदावर ‘ईएफ’ असं लिहून पुढे टक्के दिलेले असतात. निरोगी माणसाचे साधारण ५५ ते ७०. चाळीस किंवा त्याखाली गेले की पंपिंग कमी. मात्र आकडा चांगला असूनही हा आजार असू शकतो. हृदय कडक झालेलं असतं, नीट सैल होऊन भरत नाही. बीपी आणि साखर असलेल्या वयस्कर बायांत हे फार दिसतं. त्यांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि दम लागण्याचं खापर गॅसवर फुटतं.

२. पेशंटला विचारू नका, उशा मोजा.

आप्पांचं उत्तर ठरलेलं : “माले काही व्हयेल नही.” पण एका उशीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या तीन. आडवं झालं की धाप, म्हणून माणूस टेकून झोपतो. मध्यरात्री गुदमरून उठतो, अंगणात येऊन बसतो, आणि सकाळी सांगतो की उकडत होतं. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि भरायला वेळ लागतो. पोट फुगतं, दोन घासांत भूक मरते.

माझ्या काउंटरवर ही माणसं डॉक्टरांकडे जाण्याच्या कितीतरी आधी येतात. खोकल्याचं औषध, गॅसची गोळी, लिव्हरचं टॉनिक मागतात. पडून झोपलं की येणारा आणि बसलं की थांबणारा खोकला सिरपने जात नाही. दुकानदाराने असं सिरप तिसऱ्यांदा देण्याआधी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याने धंदा बुडत नाही.

३. वजनकाटा हे या आजारातलं सगळ्यात स्वस्त यंत्र.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यात. आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात. एक लीटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणून तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, साचलेलं पाणी आहे. तेव्हाच फोन करायचा. आप्पांच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं : अमुक वाढलं तर पाण्याची (लघवीवाटे पाणी काढणारी) गोळी एक जादा, तीन दिवस, आणि मग दाखवायला या. या एका ओळीने अॅडमिट होणं टळतं. असं लिहून मिळतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पाड्यावर काटा नसतो. तिथे करदोडा आवळतोय का, पायातले वाळे रुततायत का, हे पाहायचं. डोंगरातली एक म्हातारी सुनेला रोज वाळे फिरवून बघायला लावते. मला तर ती कल्पना काट्याइतकीच आवडली.

४. मिठाचं भांडण घरातच मिटवावं लागतं.

खानदेशात कमी मीठ खा म्हणणं सोपं नाही. शेवभाजी, ठेचा, लोणचं, फरसाण, उन्हाळ्यात घातलेले पापड आणि कुरडया. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार; तोही सोडियमच. डोंगराकडच्या बाजारात सुकी मासळी. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. आमच्याकडे तेवढं एका जेवणात जातं.

सुरुवातीला घरात अळणी स्वयंपाक झाला आणि आप्पा दोन दिवस जेवलेच नाहीत. त्यांचं वजन उतरलं ते पाण्याचं की अंगाचं, कळेना. मग आईने मार्ग काढला. भाजी, वरण, भाकरी सगळं बिनमिठाचं. आणि आप्पांची वेगळी डबी, तिच्यात दिवसाचं मोजून अर्धा चमचा मीठ. ते ताटात वरून त्यांनीच टाकायचं, हवं तेव्हा. वरून टाकलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, थोडक्यात भागतं. जोडीला लिंबू, लसूण आणि मिरची. नंदुरबारच्या पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचं हृदयाशी काही वैर नाही, वैर ठेच्यातल्या मिठाशी आहे. फार काटेकोर अळणीपणाने मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या ठळकपणे कमी होत नाहीत, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने फक्त डबी पुढे सरकवली.

एक धोका मात्र दुकानात बसून जाणवलेला. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यात सोडियमची जागा पोटॅशियमने घेतलेली असते. या आजाराच्या निम्म्या गोळ्या रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढवतात. दोन्ही एकत्र आले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, कितीही जाहिरात पाहिलीत तरी.

५. ताकदीसाठी बाटली लावून घेऊ नका.

आमच्या भागात सलाईन हे औषध नसून श्रद्धा आहे. थकवा आला, ताप आला, शेतातून आलं की “एक बाटली लावा डॉक्टर.” न लावणाऱ्या डॉक्टरकडे माणूस पुन्हा जात नाही, त्यामुळे डॉक्टरही फार ताणत नाहीत. साधा हिशोब करा. नॉर्मल सलाईनमध्ये दर शंभर मिलीला ०.९ ग्रॅम मीठ असतं. अर्ध्या लीटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दिवसभराचं मीठ, अर्धा लीटर पाण्यासकट, थेट शिरेत. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी तुंबायला टेकलंय त्याला ही बाटली रात्री गुदमरवते. मग धावाधाव, ऑक्सिजन, आणि लोक म्हणतात, बाटली लावूनही वाचला नाही.

जुलाब-उलट्यांनी पाणी खरोखर कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सलाईन लागतंही, पण किती आणि किती हळू, हे पंपिंगचा आकडा माहीत असलेल्याने ठरवायचं. म्हणून आप्पांच्या खिशात कायम एक कागद असे : हृदयाचं पंपिंग २५ टक्के, चालू गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर.

६. कंबरदुखीची गोळीही हृदयापर्यंत जाते.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक. ही औषधं किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. पाण्याची गोळी आणि रॅमिप्रिल चालू असताना ती घेतली तर किडनीवर तिहेरी मार बसतो. ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या माणसाला अंगदुखी चुकत नाही, त्याने काय करावं? पॅरासिटामॉल, तेही साधं, कारण पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत आणि पोटासाठीच्या सोड्याच्या पुडीत सोडियम भरपूर असतं. दुखण्याचं इंजेक्शन घेण्याआधी तोंडाने सांगायचं, मी हार्टचा पेशंट आहे.

७. पाण्याच्या गोळीवर सगळ्यांचा विश्वास. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या वेगळ्याच आहेत.

लॅसिक्स किंवा डायटोर घेतली की तासाभरात परिणाम दिसतो, सूज उतरते, झोप लागते. म्हणून ती कुणी सोडत नाही. (बाजाराच्या दिवशी मात्र सोडतात. एसटीत बसलं की दोन तास उतरायची सोय नाही, बायांना तर त्याहून नाही. त्या दिवशी गोळी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. बहुतेक वेळा चालतं.) पण पाण्याची गोळी त्रास कमी करते, पंपिंग कमी असलेल्याचं आयुष्य वाढवण्याचं काम चार प्रकारची औषधं करतात, आणि त्यांचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे कुठल्याही निमित्ताने तीच बंद होतात.

पहिलं मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल. एके काळी अशक्त हृदयाला ही द्यायची नाहीत असंच शिकवत. नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांनी ते उलटवलं. अगदी बारीक डोसपासून सुरू करून हळूहळू चढवावी लागतात. पहिले काही आठवडे माणूस आणखी सुस्त होतो. इथेच “गोळी सोसत नाही” म्हणून बंद करतात. दुसरं एनालाप्रिल, रॅमिप्रिलचा गट. स्कँडिनेव्हियातल्या १९८७ च्या चाचणीने तो सिद्ध केला. याने काहींना कोरडा खोकला लागतो. आता बऱ्याच जणांना त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन देतात, २०१४ च्या चाचणीत ते एनालाप्रिलपेक्षा सरस ठरलं. बदल करताना जुनी गोळी थांबवून ३६ तास जाऊ द्यावे लागतात. घरात दोन्ही पट्ट्या असल्या आणि दोन्ही खाल्ल्या तर जीभ-घसा सुजून जिवावर बेतू शकतं. नवी पट्टी देताना जुनी परत मागून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे. काही गिऱ्हाइकं रागावतात.

तिसरं स्पायरोनोलॅक्टोन. स्वस्त, १९९९ पासून सिद्ध, आणि पुरुषांना कधी कधी छातीला गाठ येऊन दुखायला लागतं. हे कुणी बायकोलाही सांगत नाही, डॉक्टरांना तर नाहीच. गुपचूप गोळी बंद. पर्यायी गोळी आहे, लाज सोडून विचारलं की मिळते. चौथं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मुळात साखरेची औषधं. २०१९ पासून कळलं की साखर नसलेल्याच्याही हृदयाला ती उपयोगी आहेत. मग घरोघर तोच सवाल : आप्पांना साखर नाही, ही गोळी कशाला, शुगर पडेल ना? एकटी घेतली तर सहसा पडत नाही. लघवीच्या जागेची स्वच्छता मात्र पाळावी लागते, बुरशीचा त्रास होतो. उपासाच्या आणि जुलाबाच्या दिवसांत ती थांबवायची का, हेही आधीच विचारून ठेवावं.

आणि बीपी. या गोळ्यांवर वरचं बीपी शंभर असणं बऱ्याच जणांना चालतं, चक्कर येत नसेल तर. गावातला कुणी मापून म्हणतो, “बीपी लो झालं, गोळ्या बंद करा.” अशा वेळी ज्यांनी गोळ्या लिहिल्या त्यांना फोन करावा. मापणाऱ्याचं ऐकून बंद करू नये.

८. डोंगरातला दम वेगळा असू शकतो.

खाली सपाटीवर पेशंट बहुधा साठीचा, अटॅक येऊन गेलेला, बीपी-साखरेचा. वर पाड्यांवरून येणारा कधी कधी तिशीच्या आतला असतो. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले, बरं झालं असं वाटलं. पण त्या तापाने हृदयाची झडप खराब केली. मुलगी लग्न होऊन बाळंतपणाला येते तेव्हा दम लागून उघडकीस येतं. अशांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं, म्हणून टाळतात. टाळू नये.

बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यापासून पुढे पाच महिन्यांपर्यंत, आधी ठणठणीत असलेल्या बाईचंही हृदय अचानक कमजोर होऊ शकतं. सूज आणि थकवा बाळंतिणीला असायचाच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. आडवं पडल्यावर धाप लागली तर मात्र ते नेहमीचं नव्हे.

शिवाय सिकलसेल. आमच्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेआधीपासून आशाताई लाल-पिवळी कार्डं दाखवत फिरतायत. रक्त कायम कमी असलं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त राबावं लागतं, आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढतो. इथे पाण्याची गोळी जपून द्यावी लागते, कारण अंगातलं पाणी आटलं तर सिकलसेलचा झटका उसळतो. अशा पेशंटने दुसऱ्याच्या घरातली सुजेची गोळी उसनी घेऊन खाऊच नये. हे मी उगाच लिहीत नाही. गोळ्या उसन्या दिल्या-घेतल्या जातात.

९. बाईची गोळी आधी बंद होते.

घरात दोन पेशंट असतील आणि पैसे एकाचे असतील तर पट्टी कुणाची घेतली जाते, हे मला कुणी सांगायला नको. बिल मीच करतो. अशा वेळी मी पुरुषाच्या तोंडावर विचारतो, “वहिनींची कुठाय?”

१०. शेवटाबद्दल पेशंटशी बोलावं, तो ऐकू शकत असताना.

यंत्रं आहेत. ठोके सावरणारा पेसमेकर काहींना फार उपयोगी पडतो. हृदयप्रत्यारोपणही आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते फेब्रुवारी १९६८ मध्ये करून पाहिलं होतं, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत. पेशंट काही तासच जगला. आज सुरतेत मेंदूमृत झालेल्यांची हृदयं विमानाने मुंबईला जातात आणि तिथे माणसं त्यावर जगतात. आप्पांचं वय आणि किडनी पाहता त्यांना ती वाट नव्हती. डॉक्टरांनी हे आडवळणाने न सांगता सरळ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आप्पांनी विचारलं, “त्रास कमी ठेवता येईल का?” ते म्हणाले, “हो, तेवढं नक्की.” त्यानंतर सुरत नाही, आयसीयूची काचेची खोली नाही, असं आप्पांनी स्वतः ठरवलं. पुतण्या-भाच्यांनी नंतर आम्हाला “अजून प्रयत्न करायला हवे होते” म्हटलं तेव्हा आईकडे द्यायला उत्तर होतं, कारण ते आप्पांचंच होतं. शेवटच्या महिन्यांत दम कमी वाटावा म्हणून वेगळी औषधं देता येतात, ऑक्सिजन घरी ठेवता येतो, नको त्या गोळ्या काढून टाकता येतात. हे सगळं मागावं लागतं. आपणहून कुणी देत नाही.

११. अर्धी पट्टी.

“पाच गोळ्या द्या भाऊ, बाकीच्या पुढच्या बाजारी.” पुढच्या बाजारी पाऊस असतो, पेरणी असते, लग्न असतं. या आजाराचा खरा भार हा आहे. सरकारी योजनेत स्टेंटचे, झडपेचे, दवाखान्यात पडून राहण्याचे पैसे मिळतात. महात्मा फुले योजनेने आमच्याकडची कितीतरी माणसं वाचवली, ते मान्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत झाले. नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण रोजच्या चार गोळ्या, मरेपर्यंत, त्यातल्या नव्या दोन बहुधा खिशातून. लाखाचा स्टेंट फुकट बसतो आणि महिन्याच्या गोळ्यांवाचून माणूस तीन महिन्यांत पुन्हा दाखल होतो. हा हिशोब मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हा आजार घेऊन दाखल झालेल्या १,२०५ पेशंटची नोंद ठेवली गेली. तीन वर्षांत त्यातले सुमारे ४५ टक्के गेले. पंपिंग कमी असलेल्यांपैकी योग्य औषधांचा पूर्ण संच डिस्चार्जच्या वेळी जेमतेम चौथ्या हिश्श्याला मिळाला होता, आणि ज्यांना मिळाला त्यांच्यात मृत्यू कमी होते. ही केरळची गोष्ट. तिथे तळोद्यापेक्षा डॉक्टर जवळ आहेत.

भाव उतरलेत, हे लोकांना माहीत नसतं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन २०२३ पासून अनेक भारतीय कंपन्या करतात. दोन्ही पुष्कळ स्वस्त झाली. जुनी चिठ्ठी जुन्याच कंपनीची असते; तेच औषध स्वस्तात लिहून द्या, असं डॉक्टरांना म्हणायला संकोच करू नये. जनऔषधी दुकानातही विचारावं. मी दुकानदार असून सांगतोय, माझा नफा त्यात कमी आहे. आणि सरकारी दवाखान्यात मेटोप्रोलॉलऐवजी एटेनोलॉल हातात पडलं तर ‘दोन्ही सारखीच’ म्हणून घेऊ नका. या आजारासाठी सिद्ध झालेल्यांत एटेनोलॉल नाही.

सगळ्यात अवघड ऊसतोडीचे पेशंट. दिवाळी झाली की गाड्या भरून बारडोलीकडे जातात, होळीला परततात. पूर्वी महिन्याच्या गोळ्या नेत, त्या मार्गशीर्षात संपत, आणि होळीच्या सुमारास सुजलेले पाय घेऊन माझ्या पायरीवर बसत. आता डॉक्टरांकडून होळीपर्यंतची चिठ्ठी लिहून घ्यायला लावतो. उचल मिळालेली असते तेव्हाच पूर्ण औषध घ्यायला लावतो, कारण नंतर पैसा राहत नाही. निघण्याआधी किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी. एक यादी पेशंटकडे, एक मुकादमाकडे. त्या यादीखाली दोन ओळी असतात : विचारल्याशिवाय सलाईन नको, दुखण्याचं इंजेक्शन नको. त्या मी मराठीत लिहितो आणि नवापूरच्या एका मित्राकडून गुजरातीतही लिहून घेतल्या आहेत, कारण फडावर बाटली लावणारा तिकडचाच असतो.